संकेतस्थळाच्या किल्ल्या कोणाकडे? छोट्या संस्था, छोटे व्यवसाय आणि संगणक-सल्लागार

कोल्हापूरच्या जुन्या पेठांपैकी मंगळवार पेठ ही एक. एका अंगाला राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील खासबाग कुस्ती मैदान व त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह, दुसरीकडे मिरजकर तिकटीची वर्दळ आणि आत गल्ल्यागल्ल्यांतून तालीम मंडळे, लहान दुकाने व दाटीची घरे. येथे अनेकांचा राहण्याचा पत्ता आणि धंद्याचा पत्ता एकच असतो. अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेले, पुण्या-मुंबईची नोकरी सोडून परतलेले किंवा मुळात गेलेच नाहीत असे काही तरुण अशाच घरांच्या माडीवर बसून संकेतस्थळे तयार करतात, त्यांची देखभाल करतात आणि संगणकांच्या सुरक्षिततेविषयी सल्ला देतात. त्यांची ग्राहक मंडळी म्हणजे चपलांचे व्यापारी, सराफ, गूळ विकणारे अडते, छोट्या शाळा, पतसंस्था, महिला बचतगट आणि धर्मादाय विश्वस्त संस्था. आपले धर्मग्राम, धर्मभगिनींची वसतिगृहे आणि दवाखाने यांचाही याच यादीत समावेश होतो.

या सल्लागाराला नेमके काय काम द्यावे, काय देऊ नये आणि त्याच्याकडून काय लिहून घ्यावे, अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते. उत्तरे तुकड्यातुकड्यांनी देण्यापेक्षा ती एकत्र मांडावीत, असे आम्हांस वाटले.

कामाचे स्वरूप

संकेतस्थळ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे चित्रे आणि मजकूर येतो. प्रत्यक्षात त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली गोष्ट म्हणजे डोमेन, अर्थात संकेतस्थळाचे नाव. ते विकत मिळत नाही. ते मुदतीने नोंदवावे लागते व नोंदणी वेळोवेळी नवी करावी लागते. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंदणी करता येते. दुसरी गोष्ट म्हणजे होस्टिंग, म्हणजे ज्या संगणकावर पाने साठवली जातात तेथील भाड्याची जागा. तिसरी म्हणजे ती पाने ज्या प्रणालीवर बांधली जातात ती. छोट्या संस्थांच्या बाबतीत ही प्रणाली बहुधा वर्डप्रेस असते. २००३ साली सुरू झालेली ही प्रणाली विनामूल्य आहे आणि आज जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी किमान दोन तिच्यावर चालतात. सल्लागार या तिन्ही गोष्टी जुळवून देतो. त्याच्या मेहनतीचे मोल त्या जुळवणीचे आणि नंतरच्या देखभालीचे असते.

मराठी संस्थांच्या बाबतीत एक काम अधिकचे असते. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडील बहुतेक मराठी पाने स्वतंत्र फॉन्टमध्ये रचलेली होती. तो फॉन्ट संगणकात नसेल तर वाचकाला पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसत. युनिकोड रूढ झाल्यावर ही अडचण गेली, परंतु जुन्या पानांचा मजकूर शोधयंत्रांना आजही सापडत नाही. तो युनिकोडमध्ये आणून देणारा सल्लागार मिळाला तर त्या कामासाठी वेगळे पैसे मोजण्यास आमची हरकत नाही. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे नावही उपलब्ध आहे आणि मराठीला त्यात स्थान आहे. ते जरूर घ्यावे, मात्र इंग्रजी अक्षरांतील नावाच्या जोडीने घ्यावे, कारण परदेशस्थ नातलगांच्या संगणकावर देवनागरी कळफलक असेलच असे नाही.

नाव कोणाच्या नावावर

या सर्व विषयात आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा आहे. सल्लागार हुशार आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा.

होते असे. संस्थेत कोणालाच संगणकाचे फारसे कळत नाही. ओळखीतला एक मुलगा उत्साहाने पुढे येतो. डोमेन तो स्वतःच्या ई-मेलवरून, स्वतःच्या कार्डाने नोंदवतो आणि होस्टिंगही त्याच्याच खात्यावर घेतो. संस्था त्याला रोख पैसे देते आणि निश्चिंत होते. तीन वर्षांनी मुलगा दुबईला जातो, त्याचा जुना मोबाइल क्रमांक बंद होतो, नूतनीकरणाची स्मरणपत्रे कोणी उघडत नसलेल्या पेटीत साचत राहतात. मुदत संपते. डॉट कॉम प्रकारच्या नावाला त्यानंतर नोंदणी कंपनीच्या नियमानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळते. मग ३० दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येते आणि शेवटचे पाच दिवस गेल्यावर ते कोणालाही घेता येते. अशी सुटलेली नावे टिपण्याचा धंदाच आहे. जुन्या शाळेचे किंवा मंडळाचे नाव जुगाराच्या जाहिराती लावणाऱ्याच्या हाती जाते आणि पालक ते उघडतात तेव्हा संस्थेला कळते.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या परिचयाच्या एका सेवाकेंद्राचे नाव असेच गेले. पत्रव्यवहाराच्या कागदांवर, पावती-पुस्तकांवर आणि फलकांवर तो पत्ता छापलेला होता. त्या मुलाने लबाडी केली नव्हती. त्याने केलेले काम संस्थेने कधी ताब्यातच घेतले नव्हते.

यावरून घ्यावयाची काळजी अशी. डोमेन नोंदवताना नोंदणीधारक म्हणून संस्थेचे अधिकृत नाव लिहावे, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणीत असेल तेच. ई-मेल पत्ता व्यक्तीचा नसून पदाचा असावा, कारण प्रमुख धर्मगुरू बदलतात, मुख्याध्यापिका निवृत्त होतात आणि चिटणीस दर निवडणुकीत नवे येतात. तो पत्ता त्याच डोमेनवरचाही नसावा, नाहीतर नाव गेले की नाव सोडवण्याचा मार्गही त्याच्याबरोबर जातो. पैसे संस्थेच्या बँक खात्यातून भरावेत व पावती लेखापालाच्या फाइलीत ठेवावी. सल्लागाराला काम करण्यापुरता स्वतंत्र प्रवेश द्यावा. मुख्य किल्ली विश्वस्तांकडे राहावी. एखादा सल्लागार ‘किल्ली माझ्याकडेच राहू द्या, तुम्हांला कशाला त्रास’ असे म्हणू लागला, तर तो सभ्य असला तरी त्याला नम्रपणे नकार द्यावा.

व्हॅटिकनचे संकेतस्थळ २५ डिसेंबर १९९५ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या नाताळ संदेशाने सुरू झाले. ते ज्या तीन संगणकांवर चालत त्यांना राफाएल, मायकल व गॅब्रिएल या महादूतांची नावे देण्यात आली होती, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. त्या पत्त्याच्या शेवटची ‘व्हीए’ ही दोन अक्षरे व्हॅटिकन राज्याच्या मालकीची आहेत, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याला एवढे शक्य नाही, पण नोंदणीच्या कागदावर आपले नाव असणे शक्य आहे.

नावाइतकीच दुर्लक्षित बाब म्हणजे स्वामित्वहक्क. पैसे दिले म्हणजे रचना आपली झाली, असा समज सर्वत्र आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकराने नोकरीच्या कामात केलेल्या निर्मितीचा प्रथम मालक सर्वसाधारणपणे मालक-संस्था असते. सल्लागार मात्र नोकर नसतो. त्याने लिहिलेल्या आज्ञावलीचा आणि केलेल्या रचनेचा हक्क, लेखी हस्तांतरण नसेल तर, त्याच्याकडेच राहतो. हस्तांतरणाच्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारतापुरते हस्तांतरण झाले असे मानले जाते. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द करारात स्पष्ट असावेत. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांना कायद्याने थोडा वेगळा न्याय दिला आहे. तेथे, उलट करार नसेल तर, प्रथम मालक काम सांगणाराच असतो.

धोका कोठून येतो

११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटी ४२ लाख रुपये काढून घेण्यात आले. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी खोटी यंत्रणा उभी केली. बनावट कार्डे घेऊन माणसे २८ देशांतील एटीएमपुढे उभी राहिली आणि त्यांत कोल्हापुरातील एटीएमही होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले. या बातम्यांमुळे संगणक-सुरक्षा म्हणजे दूरदेशीच्या टोळ्यांशी लढाई, अशी समजूत रुजली आहे. मंगळवार पेठेतील दुकानदाराने किंवा धर्मग्रामाच्या कार्यालयाने मात्र याहून साध्या प्रकाराला भ्यावे.

तो प्रकार अमेरिकेतील ओहायो राज्यात, ब्रन्सविक येथील सेंट अँब्रोज या कॅथलिक धर्मग्रामात घडला. चर्चच्या दुरुस्तीचे काम चालू होते. कंत्राटदाराची देयके वेळच्या वेळी भरली जात आहेत, असे कार्यालय समजत होते. एप्रिल २०१९ मध्ये कंत्राटदाराने दोन महिन्यांचे पैसे का आले नाहीत, अशी चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. कर्मचाऱ्यांच्या ई-मेल खात्यांत शिरून कोणीतरी पत्रव्यवहार वाचला होता आणि कंत्राटदाराची बँक बदलली आहे, असे कार्यालयास पटवून दिले होते. साडेसतरा लाख डॉलर भलत्याच खात्यात गेले होते. संकेतस्थळ फोडले गेले नव्हते, भिंत पडली नव्हती. एका ई-मेलवर विश्वास ठेवला गेला होता.

आपल्याकडे या फसवणुकीला अनुकूल अशी परिस्थिती अनायासे निर्माण झाली होती. परकीय अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर, परदेशी देणग्या घेणाऱ्या प्रत्येक भारतीय संस्थेला स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खाते उघडावे लागले आणि २०२१ पासून देणग्या त्याच खात्यात येऊ लागल्या. म्हणजे देशभरच्या संस्थांनी आपल्या देणगीदारांना ‘आमचे खाते बदलले आहे, यापुढे येथे पैसे पाठवावेत’ असे प्रामाणिकपणे कळवले. लबाड माणूसही नेमके हेच पत्र लिहितो. देणगीदाराने खरे कोणते हे कसे ओळखावे?

उत्तर संगणकात नाही. खाते बदलल्याची सूचना कोणत्याही बाजूने आली, तरी आधीपासून आपल्या वहीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर, पत्रातल्या क्रमांकावर नव्हे, फोन करावा, ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकावा आणि मगच पैसे पाठवावेत. ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक भरण्यास दोन व्यक्तींची संमती घ्यावी. चांगला सल्लागार पहिल्या भेटीत हा नियम सांगतो, जरी त्यात त्याला एक रुपयाही मिळत नसला तरी. आम्ही सल्लागाराची पारख याच कसोटीवर करतो.

बाकीच्या तांत्रिक गोष्टी थोडक्यात सांगता येतील. ई-मेल, बँक आणि डोमेन या तिन्ही खात्यांना परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी पडताळणी लावावी. परवलीचा शब्द लांब असावा आणि दोन ठिकाणी एकच नसावा. तो दर महिन्याला बदलण्याचा जुना आग्रह अमेरिकेच्या मानक संस्थेनेच २०१७ साली मागे घेतला, कारण माणसे केवळ शेवटचा आकडा बदलत राहतात. संगणकाची अद्ययावत करण्याची सूचना पुढे ढकलू नये. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणाऱ्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूवरील उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. वर्डप्रेसला जोडलेली, आता कोणी वापरत नसलेली प्लगइन काढून टाकावीत. पत्त्याच्या आरंभी सुरक्षित जोडणीचे चिन्ह नसेल तर २०१८ पासून क्रोम वाचकाला इशारा देते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र २०१५ च्या अखेरीपासून विनामूल्यही मिळते, तेव्हा त्याच्या नावाखाली दरवर्षी मोठी रक्कम आकारली जात असेल तर कारण विचारावे. देणगीसाठी लावलेल्या क्यूआर फलकावर दुसरा कागद चिकटवलेला नाही ना, हे सेवकाने रोज पाहावे. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही, हे दुकानातील पोऱ्यापासून मालकापर्यंत सर्वांस पाठ असावे.

पाणी, आग आणि प्रती

सुरक्षा म्हणजे केवळ चोरीपासून रक्षण, असे कोल्हापूरकराने तरी समजू नये. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पंचगंगा शहरात शिरली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महामार्ग अनेक दिवस बंद होता आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या सखल भागांत घरे पाण्याखाली होती. तळमजल्यावरच्या कार्यालयातील संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील बॅकअपची डिस्क दोन्ही एकाच पाण्यात बुडतात. मंगळवार पेठेला आगीचे स्मरण अधिक ताजे आहे. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्या थोर गायक-नटाच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, जळाले. पेठेतल्या कित्येकांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिले.

जाणकारांचा नियम असा आहे की माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी असावी. धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्यांची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम काही ठिकाणी झाले आहे. ती छायाचित्रे त्याच कपाटात ठेवली असतील तर अर्धेच काम झाले आहे. आणि वर्षातून एकदा तरी ती प्रत उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

लोकांची माहिती

या नोंदींना आता कायद्याचीही बाजू आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि प्रमुख बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. संगणकात साठवलेली नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक, आजाराची माहिती हे सर्व त्याच्या कक्षेत येते. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा मोठ्या कंपन्यांना समोर ठेवून ठरला असावा, तरी छोट्या संस्थेने डोळे मिटून घेणे बरे नव्हे.

आम्ही स्वतः या बाबतीत पूर्वी ढिले होतो, हे कबूल केले पाहिजे. धर्मशिक्षणाच्या वर्गाचे छायाचित्र आले की खाली मुलांची नावे, इयत्ता आणि गाव सर्व छापले जाई. आता असे करावयाचे असल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी आणि शक्यतो नावे गाळावीत. सल्लागाराला संस्थेची संपूर्ण यादी देण्याचीही गरज नसते. नमुन्याला दहा खोटी नावे पुरतात.

मोबदला आणि करार

सल्लागार सहसा तीन रीतींनी पैसे घेतात. एकरकमी कामाचे, तासाच्या हिशोबाने किंवा देखभालीचे वार्षिक. छोट्या संस्थेला पहिली व तिसरी रीत सोयीची. सर्वांत स्वस्त दरपत्रक घेण्याचा मोह टाळावा. त्यात देखभाल नसते आणि देखभालीवाचून संकेतस्थळ म्हणजे कुलूप नसलेले दुकान. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून तो क्रमांक नसणे हा त्याचा दोष मानू नये. व्यावसायिक शुल्कावर उगमस्थानी कर कापण्याची मर्यादा एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० रुपये झाली आहे. आपल्याला ती कशी लागू होते, हे सनदी लेखापालास विचारावे. गूगल व मायक्रोसॉफ्ट नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना काही सेवा विनामूल्य वा सवलतीत देतात, मात्र गूगलच्या या योजनेत शाळा व रुग्णालये बसत नाहीत. हे ठाऊक नसलेला सल्लागार संस्थेचे पैसे विनाकारण खर्च करतो.

करार दोन पानांचा पुरतो. त्यात काम काय, किती दिवसांत, पैसे कोणत्या टप्प्यांवर, हक्क कोणाचे, गुप्तता कशी आणि काम सोडताना सुपूर्त काय करावयाचे, एवढे मराठीत लिहावे. शेवटच्या मुद्द्यावर आमचा विशेष भर आहे. सर्व खात्यांची यादी, प्रवेशाचे तपशील आणि शेवटची संपूर्ण प्रत मिळाल्याशिवाय अखेरचा हप्ता देऊ नये. आणि ही सावधगिरी एकतर्फी असू नये. ‘देवाचे काम आहे, फुकट करून दे’ असे म्हणून तरुणांना राबवून घेण्याची आपल्याकडील सवय आम्हांस खटकते. सेवा म्हणून कोणी स्वेच्छेने काम केले तर त्याचे आभार मानावेत, पण करार त्याच्याशीही करावा.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर पहिला तास महत्त्वाचा असतो. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ते रोखण्याचा प्रयत्न होऊ शकतो. त्याच वेळी आपल्या बँकेस कळवावे आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. बँकेचे संकेतस्थळ शोधताना पत्त्याचा शेवट ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का, ते पाहावे. ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंत बँकांनी या नावाखाली यावे, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. आलेले संदेश, ई-मेल व क्रमांक पुसून टाकू नयेत आणि संगणक सल्लागार येईपर्यंत महाजालापासून तोडून तसाच ठेवावा.